काकाजी, तुम्ही पायरीवर बसलात म्हणून

आदरणीय काकाजी,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवेल. मोबाइलवरची बारीक अक्षरं तुम्हाला दिसत नाहीत, हे मला माहीत आहे. तरी इथं सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "जाऊ दे वं पोरी" म्हणता आणि कापसाच्या भावाचं काढता. आज मला पुरतं बोलू द्या.

काल आमच्या कंपनीला वर्ष झालं. संध्याकाळी हिशेबाची वही घेऊन आईजवळ बसले होते. मागच्या सीझनला आमच्याकडे एकच जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, होती, तुम्ही काम करता ती. आज वणी, पांढरकवडा, हिंगणघाट, पुलगाव धरून 23 ठिकाणी आमचे धडे चालतात. जिनिंग आहेत, डाळमिल आहेत, दोन तेलघाण्या आहेत. तेव्हा आम्ही दोघी होतो, आता सहा जणी आहोत आणि सहाही जणी गावात राहूनच काम करतो. मी एकेक नाव वाचत गेले. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पयलं नाव कोणाचं होतं?" मला पुढं बोलताच आलं नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. कारखान्यातल्या माणसांना काही गोष्टी कायद्यानं शिकवाव्याच लागतात. आग लागली तर काय करायचं, चालत्या मशीनपासून हात कसा वाचवायचा, कामाच्या जागी बाईला कोणी त्रास दिला तर तिनं कुठं जायचं. आम्ही हे धडे मोबाइलवर, आपल्या बोलीच्या जवळच्या मराठीत देतो. जिथं रेंज नाही तिथं आधीच फोनमध्ये भरून नेतो.

याआधी तीन वर्षं मी शहरातल्या अशाच एका कंपनीत होते. नाव घेत नाही. तिथं कोणी कुठला धडा किती वेळात पाहिला हे आम्हाला कॉम्प्युटरवर दिसायचं. एकदा एका कारखान्यातल्या साठेक कामगारांनी तासाभराचा धडा एकाच दुपारी, एकाच फोनवरून, दोन-दोन मिनिटांत 'पूर्ण' केलेला दिसला. कुणीतरी कारकून बसून सगळ्यांच्या नावानं बटणं दाबत होता. मी ते वरच्यांना दाखवलं. उत्तर मिळालं, "सर्टिफिकेटं गेली ना? पैसे आले ना? मग?" त्या साठ जणांत आगीजवळ काम करणारेही असतील, हा विचार त्या खोलीत कुणालाही शिवला नाही. दोन महिन्यांनी मी गावी परत आले.

इथं तरी काय वेगळं होतं? कर्जासाठी गेले तर साहेबांनी फाईल न उघडताच सांगितलं, खेड्यात कोण ऑनलाइन शिकतं. एका संस्थेनं चार महिने आज या, उद्या या केलं आणि मग फोन उचलणंच सोडलं. एका मिलवाल्यानं चहा पाजला आणि म्हटलं, "शिकवणं राहू द्या ताई, नुसते कागद द्या. बायांच्या डोक्यात उगाच काही भरवू नका." त्या दिवशी एसटीत बसून घरी येईपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत होते.

धडे तर तयार होते. आम्ही ते घरच्या कापूस भरलेल्या खोलीत रेकॉर्ड केले होते, कारण कापसात आवाज घुमत नाही. बाहेर आलं की अंगभर खाज सुटायची. एवढं करून ऐकायला कोणी नव्हतं.

मग तुमच्या फाटकावर आले. तुम्ही दिवाणजी, वजनकाट्याजवळ पावत्या फाडत होतात. माझं बोलणं तुम्ही मध्ये न तोडता ऐकलंत. मी सवयीनं म्हटलं, वेळ नसेल तर तुमच्या एका फोनवरूनही सगळ्यांची नोंद होते. तुम्ही वर पाहिलंत. "माह्या बोटानं बायायचं शिकणं कसं होईन?" एवढंच बोललात आणि दुसऱ्या दिवशीची वेळ दिलीत.

सीझनमध्ये रेचे, म्हणजे सरकी काढायची यंत्रं, बंद ठेवणं म्हणजे काय, हे कापसाच्या मुलखात कुणाला सांगायला नको. बाहेर गाड्यांची रांग लागलेली, मालकाचा जीव घड्याळात. तरी तुम्ही रेचे थांबवलेत. त्यासाठी मालकाला काय सांगितलंत, हे मला आजही माहीत नाही.

बाया डबा खातात त्या टिनाच्या खोलीत आम्ही बसलो. 31 बाया, केसांत आणि भुवयांवर कापसाचे तंतू, आणि उलट्या घमेल्यावर टेकवून ठेवलेला माझा मोबाइल. आगीचा धडा झाला. बाया बोलल्या, हसल्या, कापसातून गोटा आला की रेच्यात ठिणगी कशी उडते हे त्यांनीच मला सांगितलं. मग दुसरा धडा लावला, बाईमाणसाला होणाऱ्या त्रासाचा, आणि खोली एकदम गप्प झाली. पदर तोंडावर गेले. दारात ठेकेदाराची माणसं उभी होती, दोन ड्रायव्हर होते, मालकाचा पुतण्या होता. मी विचारत होते, कोणाला काही बोलायचं आहे का, आणि सगळ्या जमिनीकडे बघत होत्या. मला वाटलं, संपलं, इथंही तेच होणार.

तुम्ही मागं भिंतीला टेकून बसला होतात. उठलात आणि म्हणालात, "चला रे, गड्यायचं काम बाहेर." सगळ्यांना काढलंत, पुतण्यालाही. दार ओढून घेतलंत आणि बाहेरच्या पायरीवर दाराकडे पाठ करून बसलात.

दाराच्या फटीतून तुमची पाठ दिसत होती. पांढरा सदरा आणि खांद्यावरचा दुपट्टा, बस. थोड्या वेळानं ठेकेदाराचा आवाज आला. तुम्ही त्याला म्हणालात, "बाया शिकून रायल्या. अर्ध्या तासानं ये." तो गेला. नंतर आणखी कोणीतरी आलं, त्यालाही तेच. अर्धा तास म्हणता म्हणता सव्वा तास झाला. तुम्ही एकदाही मागं वळून पाहिलं नाहीत.

बाया आधी त्या पाठीकडे बघत राहिल्या. मग एक जण बोलली. मग दुसरी. काय बोलल्या ते मी इथं लिहिणार नाही, ते त्या खोलीतच राहील. पण कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "तक्रार लिहून द्या म्हन्ते तुहा मोबाइल. लिहिता येत नाई त्या बाईनं काय करावं वं?"

काकाजी, माझ्याकडे उत्तर नव्हतं. कामाच्या जागी बाईला होणाऱ्या लैंगिक त्रासाविरुद्धचा 2013 चा कायदा मला तोंडपाठ आहे असं मी समजत होते. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं तक्रारी ऐकणारी समिती हवी, तक्रार तीन महिन्यांच्या आत, लेखी. आमच्या धड्यात एवढंच होतं, शहरातल्या धड्यांतही एवढंच असायचं. रात्री घरी येऊन कायदा पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचला. त्यात स्पष्ट लिहिलंय की बाईला लिहिता येत नसेल तर ती तक्रार लिहून द्यायला समितीनं मदत करायची आहे. रोजंदारीवरची बाई, ठेकेदाराकडून आलेली बाई, तिलाही हा कायदा लागू आहे. दहापेक्षा कमी माणसं असली, किंवा मालकाविरुद्धच तक्रार असली, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. हे सगळं आधीपासून होतं. आम्ही शिकवणाऱ्यांनीच ते गाळलं होतं, कारण आमच्या डोळ्यांसमोर खुर्चीवर बसणारी बाई होती.

आणि हा कायदा आला कुठून? त्याचं मूळ सुप्रीम कोर्टाच्या 1997 च्या विशाखा निकालात आहे, आणि तो निकाल राजस्थानातल्या खेड्यात काम करणाऱ्या भंवरीदेवींच्या प्रकरणामुळं आला. बालविवाह थांबवायला गेलेली सरकारी योजनेतली साथीण होती ती, तिच्यावर अत्याचार झाला. म्हणजे खेड्यातल्या कष्टकरी बाईच्या दुःखातून निघालेला हा कायदा, आणि तो खेड्यातल्याच बाईपर्यंत पोचत नव्हता. हे आठवलं की मला आजही राग येतो.

आम्ही तो धडा मोडून नव्यानं केला. आता तो त्या म्हातारीच्या प्रश्नानंच सुरू होतो. आणि जिथं जातो तिथं आमची एक अट असते, हा धडा चालू असताना पुरुष बाहेर, दार बंद, आणि बायांचा विश्वास असलेला एक माणूस दाराशी. दोन ठिकाणी ही अट ऐकून नकार मिळाला. बाकीच्यांनी मानली. नवीन गिऱ्हाईक का येतात असं आम्हाला लोक विचारतात, जाहिरात कुठं करता म्हणून. जाहिरात एक रुपयाची नाही. एका जिनिंगमधली बाई दुसऱ्या जिनिंगमधल्या बहिणीला सांगते, आणि तुम्ही कुठल्या कुठल्या दिवाणजींना फोन केलेत ते मला त्यांच्याकडूनच कळलं.

मला सारखं वाटतं, आपल्या भागात अशी माणसं आहेत म्हणून आपलं चाललंय. दुष्काळ, बोंडअळी, पडलेला भाव, या सगळ्यातही गड्याला आधी भाकर देऊन मग जेवणारी, वजनकाट्यावर हात न मारणारी, बाईशी बोलताना आवाज खाली ठेवणारी. त्यांचा कुठं सत्कार होत नाही. ज्यांनी माझी फाईल उघडली नाही त्यांच्याकडे पद होतं, शिक्का होता. तुमच्याकडे एक पायरी होती, तिथं तुम्ही बसलात.

त्या दिवशी बाया बाहेर आल्या तेव्हा म्हातारी तुमच्याजवळ थांबली होती. काही बोलली नाही. तिनं तुमच्या दुपट्ट्यावरचा कापसाचा तंतू काढला आणि पुढं गेली. तुम्ही पावतीबुक उचलून काट्याकडे निघालात. मी चहाचं विचारलं तर म्हणालात, गाड्या थांबल्यात.

दिवाळीनंतर तुमच्याकडे पहिल्या गाड्या लागतील. त्या आठवड्यात मी येते. यंदा सोबत आमच्याकडे नव्यानं लागलेल्या दोन मुली असतील, दोघीही जवळच्याच गावच्या. त्यांना ती खोली दाखवायची आहे, आणि पायरीही. चहा घरून करून आणीन, काट्याजवळ उभ्यानं घेतलात तरी चालेल.

तुमची,
मोबाइलवाली पोरगी