संत्याला पत्र (दुप्पट स्पीडवर वाचू नको)

संत्या भावा,

एवढं लिहिण्यापरीस व्हॉईस नोट टाक म्हणालास. न्हाई टाकत. तू ती दुप्पट स्पीडवर ऐकतोस ते मला ठाऊक हाय. व्हॉट्सअ‍ॅपनं ते बटण २०२१ ला दिलं आणि तवापासनं दोस्ताचं बोलणंसुद्धा उरकायचं काम झालंय. म्हणून टाईप करालोय. चहा घे आणि बस.

परवा आपल्या कोल्हापुरात खासबागला कुस्तीचं मैदान होतं. मोठी जोड लागली, हलगी कडाडली आणि दोघं पैलवान डोक्याला डोकं लावून नुसते गर्दनखेच करत उभे. आता तुला सांगायला नको, खरी कुस्ती तिथंच असती, कुणाचा पाय मागं सरकालाय, कोण मनगट सोडवून घेतोय, कुणाचा दम लवकर फुलालाय, आपण काकांच्या शेजारी बसून ह्येच बघायला शिकलो. माझ्या पुढं दोन कॉलेजची पोरं. लगेच मोबाईल बाहेर, रील चालू, आणि बघत काय होती, तर कुस्तीच्याच रील! मर्दा, समोर लाल मातीत चालू हाय की! मग एकदम आरोळी उठली, घुटना डावावर चितपट, पोरांनी मान वर केली आणि मलाच विचारत्यात, "काय झालं ओ?" चितपट त्यांना रात्री कुणाच्यातरी स्टेटसला मिळाली असणार. त्याच्या आधीचं सगळं गेलं.

मोबाईलनं वेळ खाल्ला असं सगळेच म्हणत्यात, मला ते पटत न्हाई. वेळ आपण आधीबी घालवतच होतो, रंकाळ्यावर तासन् तास बसून काय दिवे लावले? पण काही घडत नसताना गप बसायला जमायचं, ते आता जमंना झालंय. दुकानात बघतोय ना रोज, पेमेंटचं चाक जरा फिरलं की गिऱ्हाईक चिडतंय, मोबाईल हलवतंय, जसा हलवल्यावर पैसा पडणार हाय. तेच गिऱ्हाईक आधी सुट्ट्यासाठी शेजारच्या पानपट्टीवर जायचं आणि निम्म्या गावाची खबर घेऊन परत यायचं.

आणि हे आपोआप झालेलं न्हाई बरं का. आधी वेबसाईटचं पान संपायचं, पुढचं पान दाबायला लागायचं, तेवढ्यात माणूस भानावर यायचा. अ‍ॅझा रास्किन म्हणून एक डिझायनर हाय, त्यानं २००६ ला पान संपणारच न्हाई अशी सोय काढली, आणि पुढं स्वतःच जाहीर पस्तावला. आपल्याकडं २०१६ ला जिओ आलं, सुरवातीला डेटा फुकट. २०२० च्या जूनअखेर टिकटॉक बंद झालं तवा वाटलं सुटलो, तर लगेच जुलैत इन्स्टाचं रील आलं आणि सप्टेंबरात यूट्यूब शॉर्ट्स, त्याची पहिली ट्रायल तर आपल्याच देशात. दहातलं एखादंच रील बरं असतंय, पण कुठलं ते कळत न्हाई, म्हणून अंगठा थांबत न्हाई. स्किनर म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होता, त्यानं हे कबुतरांवर कधीच दाखवलेलं, दाणा कवा पडंल याचा नेम नसला की ते चोच मारतच राहतंय. ग्लोरिया मार्क म्हणून एक प्राध्यापक बाई हैत, त्यांनी मोजलंय, २००४ ला माणूस एका स्क्रीनवर सरासरी अडीच मिनिटं टिकायचा, अलीकडं ४७ सेकंद. तू आयटीवाला, तुला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार, तरी सांगतोय.

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव हाय बघ, तिथं २०२२ पासनं संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतोय, दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. झकास काम. पण भोंगा गावातच का, ज्यांनी ही अ‍ॅपं बनवली त्यांच्या हापिसात कोण वाजवणार?

असो. ९, १०, ११ नोव्हेंबरला अंबाबाईचा किरणोत्सव हाय. मावळतीचं ऊन पहिल्या दिवशी पायावर, मग छातीपर्यंत, मग मुखावर, आणि ढग आडवा आला की त्या दिवशी काहीच न्हाई, तसंच घरी. तीन दिवस काढून ये. एका दिवसात बघून जातो म्हणालास तर येऊच नको. आई रस्सा करणार हाय, वहिनीला आणि पोरांनाबी आण. आणि कवा येणार ते फोन करून सांग लेका, नुसता अंगठा पाठवू नको.

तुझा,
राजू