विश्वचषकाला जाताय? आधी व्हिसा आणि विमानमार्ग पाहा

महोदय,

२०२७ चा पुरुषांचा एकदिवसीय क्रिकेट विश्वचषक ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे ऐन दिवाळीच्या सुट्टीत, दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे आणि नामिबियात होणार आहे. मुलाबाळांसह जायचे बेत अनेक घरांत शिजत असतील. सगळ्यांचे लक्ष सामन्याच्या तिकिटावर असते, पण सहल फसते ती बहुधा कागदपत्रांवर.

पहिली मेख व्हिसाची. भारतीय पासपोर्टवर दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा आधीच काढावा लागतो. तो एकदाच प्रवेशाचा असेल आणि मधला एखादा सामना झिम्बाब्वेत हरारेला पाहून जोहान्सबर्गला परतायचे असेल, तर परतीचे दार बंद झालेले असते. त्यामुळे सीमा ओलांडणार असाल तर अर्जातच एकाहून जास्त प्रवेश मागा आणि तसा प्रवास-आराखडा जोडा. झिम्बाब्वेचा व्हिसा वेगळा.

मुलांच्या अर्जाला आई-वडील दोघांची नावे असलेला जन्मदाखला लागतो. आपल्याकडे रुग्णालय बारशाआधीच जन्म नोंदवते, त्यामुळे कित्येक दाखल्यांत बाळाच्या नावाचा रकाना कोराच राहतो. तो आजच काढून पाहा. नाव चढवायला पालिकेत वेळ जातो. एकच पालक सोबत असेल तर दुसऱ्याचे संमतीपत्रही हवे.

दुसरी मेख विमानमार्गाची. नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे तिकीट अनेकदा स्वस्त पडते. मात्र हे थांबे ज्या देशांत आहेत ते केनिया आणि इथिओपिया यलो फीव्हरच्या, म्हणजे डासांमुळे पसरणाऱ्या पीतज्वराच्या, यादीतले देश आहेत. तिथल्या विमानतळावर १२ तासांपेक्षा जास्त थांबलात, तर दक्षिण आफ्रिका लशीचा दाखला मागते. तिकिटावर थांबा चारच तासांचा असतो, पण जोडविमान चुकले की रात्र तिथेच काढावी लागते. आणि परतताना तिथे विमानतळाबाहेर पडलात, तर दाखल्याअभावी भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस फक्त सरकारमान्य केंद्रांत मिळते, दाखला दहा दिवसांनी लागू होतो आणि मग आयुष्यभर चालतो. या मार्गाने जाणाऱ्याने ती घ्यावीच, नाहीतर आखाती देशांमार्गे जावे.

भारताच्या संघामागे शहरोशहरी धावण्याचा मोह टाळावा. जोहान्सबर्ग ते केप टाउन सुमारे १,४०० किलोमीटर, तर डर्बन साडेपाचशेच्या पुढे. त्यापेक्षा जोहान्सबर्गमध्ये मुक्काम ठोकला की वाँडरर्सचे मैदान शहरातच आणि सेंच्युरियनचे तासाभरावर, शिवाय सेंच्युरियनपर्यंत गाउट्रेन ही जलद रेल्वे जाते. जोहान्सबर्गच्या पठारावर त्या दिवसांत दुपारनंतर गडगडाटी वादळे येतात आणि वीज चमकली की खेळ थांबतो. २०२३ च्या विश्वचषकात राखीव दिवस (पावसाने अडलेला सामना दुसऱ्या दिवशी खेळवण्याची सोय) फक्त उपांत्य आणि अंतिम सामन्यांना होता, हे ध्यानात घेऊन एकाच सामन्यावर सगळी सहल टांगू नये; किमान दोन तरी धरावेत. हॉटेल आणि अंतर्गत विमाने रद्द करता येतील अशीच घ्यावीत. २०२३ मध्येच अहमदाबादचा भारत-पाकिस्तान सामना जेमतेम दोन महिने आधी १५ वरून १४ ऑक्टोबरला आणला होता. पूर्ण भरलेली, परत न मिळणारी बुकिंगे अशा वेळी वाया जातात.

सामन्याचे तिकीट आयसीसीच्या (आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या) अधिकृत विक्रीतूनच घ्यावे. समाजमाध्यमांवर फिरणारा तिकिटाचा क्यूआर कोड एकाच वेळी दहाजणांना विकलेला असू शकतो.

जाता जाता एक बारीक गोष्ट. आपल्या मोबाइल चार्जरची पिन तिथल्या जुन्या सॉकेटमध्ये बसत नाही; तिथे आपल्या गिझरला असते तशी जाड, गोल तीन पिनांची जागा असते. तसा अडॅप्टर इथूनच न्यावा.

आपल्या क्रीडा पानावर या स्पर्धेचे वेळापत्रक छापताना शहरांमधली अंतरे आणि कोणता सामना कोणत्या देशात, हेही ठळक द्यावे, ही विनंती.

– एक वाचक, ठाणे