ग्वाल्हेरच्या किल्ल्याचे दिवे सूर्य मावळतानाच लावा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत वाचकांनी पाठवलेले शहरांचे संध्याकाळचे आणि रात्रीचे फोटो येतात ते मी ऑनलाइन न चुकता बघते, मरीन ड्राइव्ह, सीएसएमटी, शनिवारवाडा, कधी कोल्हापूरचा रंकाळा, छानच असतात सगळे, पण महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांची गावं त्यात फारशी दिसत नाहीत आणि ग्वाल्हेर तर मला आजवर दिसलेलंच नाही. इथल्या मराठी मंडळींनी फोटो पाठवावेत असं मनापासून वाटतं. पण त्याआधी एक गोष्ट बोलायची आहे, ती आहे आमच्याकडच्या जुन्या इमारतींवरच्या दिव्यांबद्दल, आणि ती फक्त ग्वाल्हेरचीच नाहीये, तुमच्याकडच्या वाड्या-किल्ल्यांनाही तितकीच लागू पडते.

ज्यांनी ग्वाल्हेर बघितलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. इथे मुंबईसारखी टॉवरांची रांग नाही. शहराच्या मधोमध उत्तर-दक्षिण पसरलेला साधारण तीन किलोमीटर लांबीचा वालुकाश्माचा डोंगर आहे, आजूबाजूच्या वस्तीपासून शंभरेक मीटर उंच, आणि त्याच्या माथ्यावर किल्ला. पूर्वेला पायथ्याशी जुनं ग्वाल्हेर, दक्षिणेला आमचं लश्कर जिथे १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी पडली ती कायमची राहिली, आणि लांब पूर्वेला मुरार. त्यामुळे कुठल्याही गच्चीवर चढा, नजर शेवटी त्याच एका लांब रेषेवर जाते, तटबंदी, मानमंदिर या राजवाड्याचे घुमट आणि सगळ्यात उंच उठून दिसणारं तेली का मंदिर. हीच आमची स्कायलाइन, आणि ती शेकडो वर्षं जवळपास तशीच आहे. त्या काळचे नामवंत फोटोग्राफर लाला दीनदयाळ यांनी १८८० च्या दशकात काचेच्या प्लेटांवर इथले फोटो काढले ते आज बघितले तरी किल्ला लगेच ओळखू येतो.

आता बघा, संध्याकाळी लोक किल्ल्यावर जातात, पश्चिमेच्या तटाकडे तोंड करून उभे राहतात, सूर्याचा गोळा खाली गेला की मोबाइल खिशात टाकतात आणि परत निघतात. मला दरवेळी जीव तुटल्यासारखं होतं कारण खरी गंमत तिथून पुढे सुरू होते आणि ती पाठीमागे, पूर्वेला असते. सूर्य बुडाल्यावर पाचेक मिनिटांत पूर्वेच्या क्षितिजावरून करडा-निळा पट्टा वर यायला लागतो आणि त्याच्या वर गुलाबी पट्टा, तो करडा पट्टा म्हणजे पृथ्वीची स्वतःची सावली हवेवर पडलेली असते. खाली जुन्या ग्वाल्हेरातल्या घरांचे दिवे एकेक लागत असतात. मानमंदिराचं मुख्य तोंड पूर्वेला आहे म्हणून सूर्यास्ताच्या वेळी खालून जुन्या ग्वाल्हेरातून बघितलं तर तो सगळा दर्शनी भाग सावलीत असतो आणि मागे तांबडं आकाश, म्हणजे घुमटांची नुसती काळी आकृती मिळते. तीही सुंदर असते, पण इथला राजा मानसिंह तोमर याने १४८६ ते १५१६ च्या काळात बांधलेल्या त्या भिंतीवर निळ्या, हिरव्या, पिवळ्या टाइल्समध्ये हत्ती आहेत, बदकं आहेत, केळीची झाडं आहेत, ते काहीच दिसत नाही. ते दिसायचं तर एक तर सकाळी जा किंवा सूर्य मावळल्यानंतरच्या वीस-पंचवीस मिनिटांत जा, जेव्हा सगळीकडून सारखा मऊ उजेड येतो आणि त्याच वेळी दिवेही लागलेले असले तर.

इथेच माझं गाडं अडतं. दिवे त्या वेळी लागलेलेच नसतात!

सूर्य क्षितिजाखाली चारेक अंशांच्या पुढे गेला की उरलेला उजेड वातावरणात फार लांबून तिरपा येतो, वाटेत ओझोनचा थर त्यातला नारिंगी-पिवळा भाग शोषून घेतो आणि आकाश गडद निळं होतं. फोटोवाले त्याला ब्ल्यू अवर म्हणतात, नाव अवर असलं तरी आपल्या अक्षांशावर मोजून काही मिनिटांचा खेळ आहे. या वेळेचं महत्त्व काय तर आकाशाचा उजेड आणि दिव्यांचा उजेड तेव्हा जवळपास सारख्या पातळीवर असतो, कॅमेऱ्याला दोन्ही एका फोटोत पकडता येतात. अर्ध्या तासाने तोच फोटो काढा, आकाश काळं ठिक्कर, किल्ल्याची रेषाच दिसत नाही, आणि दिवे पडलेली भिंत पांढरी फटक, दगडाचा पोतच गेलेला. त्याला फोन कितीही महागाचा असला तरी इलाज नाही. माझा भाचा पुण्याहून येतो, चांगला कॅमेरा आहे त्याच्याकडे, तो म्हणाला मावशी आठ वाजता निवांत जाऊ, मी म्हटलं आठला गेलास तर दिव्यांचा फोटो येईल, किल्ल्याचा नाही.

आता वेळेचं गणित बघा. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ग्वाल्हेरला सूर्य साडेपाचच्या आधीच मावळतो, त्याच दिवसांत मुंबईत मात्र सहा वाजता. आणि जूनच्या शेवटी दोन्हीकडे जवळपास सव्वासात, फरक उरतच नाही. म्हणजे आमच्याकडे वर्षभरात सूर्यास्ताची वेळ पावणेदोन तासांच्या वर सरकते. आणि दिवे कुणीतरी घड्याळ बघून ठरलेल्या वेळेला लावतं, सात म्हणजे सात. मग हिवाळ्यात तो निळा वेळ कधीच निघून गेलेला असतो आणि जूनमध्ये उजेडातच दिवे जळत राहतात, वीज फुकट. यावर उपाय काही मोठा नाहीये, अक्षांश-रेखांश आणि तारीख भरली की रोजचा सूर्यास्त स्वतःच काढून दिवे चालू-बंद करणारे टायमर मिळतात, रस्त्यावरच्या दिव्यांना कितीतरी ठिकाणी वापरतात, तेच इथे बसवायचे. सूर्य मावळला की दहा मिनिटांत दिवे चालू, आणि रात्री उशिरा बंद. पाहिजे तर रात्री एक तास लवकर बंद करा म्हणजे विजेचा हिशोब तोच राहील.

दुसरी गोष्ट रंगांची आणि यात मला जास्त तळमळ आहे. हल्ली जुनी इमारत दिसली की तिच्यावर जांभळा, हिरवा, गुलाबी असे रंग बदलत राहणारे एलईडी लावायची पद्धत पडलीय, सगळ्याच शहरांत. पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला तिरंगा दिसतो त्याला माझा अजिबात विरोध नाही, त्या दिवशी मीही बघायला जाते. पण रोज कशाला? निळ्या टाइलवर लाल उजेड टाकला तर ती निळी दिसतच नाही, काळपट दिसते, कारण परत पाठवायला तिला निळा उजेडच मिळत नाही. बाबर १५२८ मध्ये ग्वाल्हेरला येऊन गेला तेव्हा मानमंदिराच्या टाइल्समधल्या केळीच्या झाडांची नोंद त्याने केलीय, इतक्या वर्षांनी ती टाइल तिथे टिकून आहे आणि आपण तिच्यावर रंगीत बल्ब टाकून तिचाच रंग मारायचा हे कसं चालेल. आणि वालुकाश्माचा तो पिवळसर मातकट रंग खुलतो साध्या उबदार पांढऱ्या उजेडात, ज्याला तीन हजार केल्विनच्या आसपासचा म्हणतात तो, खालून वर तिरपा टाकलेला, म्हणजे कोरीव कामाची सावली पडते. मागचं आकाश निळं, दगड सोनेरी, रंग म्हणून एवढे दोन पुरतात.

महाराज बाड्याचंही तेच. तिथे टाउन हॉल, व्हिक्टोरिया मार्केट, पोस्ट, बँकेची इमारत, जुना छापखाना, गोरखीचा दरवाजा अशा एकमेकींशी काही साम्य नसलेल्या शैलीच्या इमारती एका चौकात गोल उभ्या आहेत, असा चौक मी दुसरीकडे बघितला नाही. त्यांचा वेगळेपणा हीच तर त्यांची शोभा आणि सगळ्यांवर एकच जांभळा टाकला की सगळ्या एकसारख्या. बाड्यावर फोटो काढायचे तर पावसाळ्यात, सर येऊन गेल्यावर लगेच, रस्ता ओला असतो तेवढ्यात. हवेतली धूळ बसलेली असते, दिव्यांचं प्रतिबिंब खाली मिळतं, आणि ट्रायपॉडवर आठ-दहा सेकंदांचा एक्स्पोजर दिला, म्हणजे शटर तेवढा वेळ उघडं ठेवलं, की टेम्पो, ई-रिक्षांच्या हेडलाइटच्या रेघा येतात आणि इमारत मात्र जागच्या जागी स्वच्छ. मे-जूनमधली धूळ वेगळी, त्यात सूर्य मावळायच्या आधीच लाल थाळीसारखा होतो आणि डोळ्यांना बघवतो, गोळ्याचा फोटो हवा तर ते दिवस चांगले, शहराचा हवा तर नाही. जानेवारीच्या धुक्यात मी कॅमेरा नेतच नाही.

चंद्राबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही. किल्ला उत्तर-दक्षिण आडवा आहे म्हणून शहराच्या पश्चिम कडेला, तिघऱ्याकडच्या बाजूला गेलं की पूर्ण चंद्र किल्ल्याच्या मागून वर येताना दिसतो. हिवाळ्यात तो ईशान्येकडे सरकतो, उन्हाळ्यात आग्नेयेकडे, आणि कोजागिरीच्या सुमारास बरोबर पूर्वेच्या आसपास उगवतो, म्हणजे आमच्या सगळ्यात मोठ्या चांदण्या रात्रीला किल्ला आपसूक समोर येतो. चंद्र आकाशात अर्ध्या अंशाएवढाच असतो, त्यामुळे शंभर फुटांच्या आसपास उंचीचं तेली का मंदिर आणि चंद्र एकाच आकाराचे दिसायला हवे असतील तर साडेतीन किलोमीटर लांब जावं लागतं आणि मोठी झूम लेन्स लागते, जवळून काढला तर मंदिर मोठं आणि चंद्र टिकलीएवढा. कॅलेंडरातली चंद्रोदयाची वेळ बहुतेक मुंबई-पुण्याची असते ती घेऊ नका, ग्वाल्हेरची बघा, आणि डोंगराच्या उंचीमुळे त्यानंतर आठ-दहा मिनिटांनी तो तटावर दिसेल. एकदा दिसला की हात चालवा, दर दोन मिनिटांना तो स्वतःच्या आकाराएवढा पुढे सरकतो. आणि पौर्णिमेपेक्षा चतुर्दशीची संध्याकाळ बरी, चंद्र सूर्यास्ताच्या आधीच वर आलेला असतो आणि किल्ल्यावर थोडा उजेड शिल्लक असतो. शेवटी चंद्र म्हणजे उन्हातला दगडच, काळ्या रात्री त्याला आणि किल्ल्याला एका फोटोत बसवता येत नाही, एक तर चंद्र जळतो, म्हणजे नुसता पांढरा डाग होतो, नाही तर किल्ला गायब. म्हणजे इथेही पुन्हा तीच वीस मिनिटं, आणि तेव्हा तेली मंदिरावर साधा उबदार दिवा असता तर काय फोटो होईल याचा विचार करा.

ज्यांच्याकडे फक्त फोन आहे त्यांनी मागे राहू नये. नाइट मोडमध्ये फोन आपणहून बरेच फोटो घेऊन एकत्र करतो, त्याला फक्त स्थिरपणा लागतो, कठड्यावर टेकवा, दोन सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बोटाचा धक्का बसत नाही, आणि स्क्रीनवर बोट ठेवून उजेड थोडा कमी करा. कॅमेरावाल्यांनी आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, शंभर-दोनशेवर आणि लेन्सचा झरोका एफ आठच्या आसपास ठेवावा आणि ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद करावं. पुरातत्व खात्याच्या संरक्षित वास्तूंमध्ये ट्रायपॉडला आधी परवानगी लागते, तिथे पहारेकऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, तो त्याचं काम करतो. मात्र ही परवानगी शौकीन माणसाला सहज आणि त्याच दिवशी मिळावी असं माझं म्हणणं आहे, पोरं हातात कॅमेरा घेऊन इतिहास बघायला येतायत, त्यांना परत पाठवू नये. ड्रोनचा मात्र हट्ट नको, शहराला लागून महाराजपुऱ्याला हवाई दलाचा तळ आहे.

संपादक महोदय, तुम्हाला विनंती अशी की एखाद्या रविवारी ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे इथल्या वाचकांकडून फक्त सूर्यास्तानंतरच्या अर्ध्या तासातले फोटो मागवा. आणि इथल्या मराठी मंडळींना विनंती की आपापल्या ओळखीने हा टायमरचा आणि साध्या उजेडाचा विषय योग्य माणसांपर्यंत पोचवा, सही लागली तर मी पहिली सही करते. दरवर्षी डिसेंबरात तानसेन समारोहाला, म्हणजे इथल्या संगीत महोत्सवाला, बाहेरगावाहून लोक येतात आणि त्या दिवसांत साडेपाचच्या आतबाहेर सूर्य मावळतो. निदान तेवढे दिवस किल्ल्यावरचे आणि बाड्यावरचे दिवे साडेपाचला, एकाच उबदार रंगात लावून बघा.

आपली,
एक वाचक, लश्कर, ग्वाल्हेर