दारू सोडू पाहणाऱ्यांना समूहाचा पत्ता तरी कळू द्या

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मराठवाड्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी दारू कुठे मिळते हे परक्या माणसालाही फारसे विचारावे लागत नाही. परंतु दारू सोडलेली माणसे कोणत्या वारी, किती वाजता आणि कुठे एकत्र बसतात, हे त्याच गावात जन्म गेलेल्यांनाही ठाऊक नसते. माझ्या पतींना उपचारानंतर रुग्णालयातून घरी सोडताना ‘आता समूहाच्या बैठकीला जात राहा’ असे सांगण्यात आले, पण बैठक कुठे भरते हे कोणी सांगितले नाही. अखेर पत्ता मिळाला तो ओळखीच्या एका एसटी वाहकाकडून, कारण ते स्वतःच त्या समूहात जात होते. ज्यांना असा वाहक भेटत नाही त्यांचे काय होत असेल, या काळजीपोटी हे पत्र लिहीत आहे.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे थोडक्यात ‘एए’, ही या समूहांची चळवळ 1935 मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात एक शेअर दलाल आणि एक शल्यचिकित्सक यांच्या भेटीतून उभी राहिली. दोघेही दारूने पार खचलेले होते, आणि आपल्यासारख्याच दुसऱ्या मद्यपीशी मोकळेपणाने बोलत राहिल्याने आपली दारू सुटते, हा अनुभव त्यांना आला. आजही बैठकीत हेच चालते. एकजण स्वतःचा अनुभव सांगतो, बाकीचे ऐकतात, मध्येच कोणी उपदेश करीत नाही. फी नसते, आडनाव किंवा जात कोणी विचारत नाही, आणि सभासद होण्यासाठी दारू सोडण्याची इच्छा एवढी एकच अट असते. जन्मभराची शपथ न घालता ‘फक्त आजचा दिवस’ दारूपासून दूर राहण्यास सांगितले जाते. माळ घालून दारू सोडलेली माणसे आपल्याकडे गावोगाव आहेत. अशा माळकऱ्यालाही तिथे परके वाटत नाही, कारण परमेश्वर कोणत्या रूपात मानायचा हे ज्याचे त्याच्यावर सोपवलेले असते.

घरच्यांसाठी ‘अ‍ॅल-अनॉन’ नावाचे वेगळे समूह असतात, हे तर फारच थोड्या स्त्रियांना माहीत आहे. नवऱ्याच्या वतीने कामावर खोटा निरोप पाठवणे, त्याची उधारी गुपचूप फेडणे, पाहुण्यांसमोर सारवासारव करणे हे सगळे थांबवता येते आणि ते थांबवल्याने कोणी वाईट बायको ठरत नाही, हे मी तिथे पहिल्यांदा ऐकले. माहेरी, सासरी, शेजारी यापूर्वी कोणीही मला असे सांगितले नव्हते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिली पाहिजे. बरीच वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केल्यास पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो आणि जिवावरही बेतू शकते. म्हणून आधी डॉक्टर आणि मग समूह, हाच क्रम योग्य आहे. ‘रुग्णाला न सांगता जेवणातून द्या’ अशा औषधांच्या जाहिराती भिंतींवर आणि वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींतही दिसतात. दारू सोडवण्यासाठी दिले जाणारे, पण दारूशी संयोग झाल्यास त्रास देणारे डायसल्फिरामसारखे औषध पोटात असल्याचे ठाऊक नसलेला माणूस दारू प्यायला, तर त्याचा रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकतो. अशा जाहिरातींना जागा मिळते आणि विनामूल्य बैठकीच्या पत्त्याला मिळत नाही, याचे मनापासून दुःख होते.

म्हणून आपणांस विनंती आहे की, ‘आजचे कार्यक्रम’ या सदरात आपल्या आवृत्तीच्या जिल्ह्यातील बैठकांचा वार, वेळ आणि ठिकाण नियमितपणे द्यावे. सभासदांची नावे गुप्त राखणे हा त्यांचा नियम आहे. बैठकीचे ठिकाण छापल्याने तो मोडत नाही. त्यासोबत टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा 14416 आणि व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय 14446 हे दूरध्वनी क्रमांकही द्यावेत. जिल्हा रुग्णालयांनी घरी सोडण्याच्या कागदावरच हा पत्ता लिहून द्यावा. सार्वजनिक वाचनालये आणि शाळांनी आठवड्यातून एक तास खोली द्यावी, मात्र नाममात्र का होईना भाडे अवश्य घ्यावे, कारण हे समूह बाहेरची मदत न स्वीकारता सभासदांच्या ऐच्छिक वर्गणीवरच चालतात.

समूहांनाही नम्र सुचवणे आहे. संध्याकाळी सातच्या बैठकीला आलेल्या खेड्यातील माणसाची परतीची शेवटची एसटी चुकते आणि पुढच्या आठवड्यात तो येत नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी बैठक ठेवली, तर बाजारहाटाला आलेला माणूस कोणाच्या नजरेत न येता तिथे बसू शकेल. बीड, धाराशिव, जालना या भागांतून ऊसतोडीला जाणाऱ्यांना दसऱ्यापूर्वीच मोबाइलवरील बैठकांची माहिती मिळाली, तर फडावरच्या त्या लांबलचक महिन्यांतही त्यांची साथ तुटणार नाही.

पतींच्या समूहाचा नियम पाळण्यासाठी माझे नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.

आपली,
एक वाचक, जि. परभणी