ई-२० पेट्रोल आणि हलकी विमाने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरची चर्चा गाडीचा ॲव्हरेज आणि जुन्या स्कूटरच्या रबरी नळ्या यांच्यापुढे फारशी जात नाही. याच पंपावरून कॅन भरून नेणारा आणखी एक लहानसा वर्ग आहे: मायक्रोलाइट (एक-दोन आसनांची हलकी) विमाने, इंजिनचे हँगग्लायडर आणि कामशेतच्या बाजूला दिसणारे पॅरामोटर (पाठीवरच्या इंजिनावर चालणारे पॅराग्लायडर) उडवणारे. मंडळी मूठभर, त्यामुळे त्यांचा प्रश्न कोणाच्याच यादीत नाही. पण हा केवळ हौशी श्रीमंतांचा विषय समजू नये. हवाई दल, नौदल आणि एनसीसीसाठी २०१५ साली १९४ पिपिस्ट्रेल व्हायरस विमाने घेण्याचा करार झाला. त्यांतले ८० अश्वशक्तीचे रोटॅक्स ९१२ हे इंजिन आणि खासगी मायक्रोलाइटमधले इंजिन एकाच घराण्यातले. एनसीसीच्या कॅडेटना पहिले उड्डाण घडते ते अशाच विमानात.

या इंजिनाबद्दल उत्पादकाचे म्हणणे स्पष्ट आहे. इंधनात इथेनॉल १० टक्क्यांपर्यंत चालेल, त्यापुढे नाही. त्याच्या ८० अश्वशक्तीच्या यूएल प्रकाराला किमान ९० ऑक्टेन हवे, १०० अश्वशक्तीच्या यूएलएसला ९५. आता गंमत अशी, की पूर्वीचे साधे पेट्रोल ९१ ऑक्टेनचे असल्यामुळे यूएलएसवाले मुकाट्याने महागडे प्रीमियम भरत. ई-२० मात्र ९५ ऑक्टेनचे आहे. त्यामुळे ‘चला, आता साध्या पंपावरचेही चालेल’ असा सोयीचा निष्कर्ष काढणारे भेटतात. ऑक्टेन म्हणजे इंधन दाबाखाली अवेळी न पेटण्याची क्षमता, एवढेच. ते किती हवेबरोबर जळते, किती उष्णता देते, रबराचे आणि टाकीच्या रेझिनचे काय करते, यातले काहीच त्या आकड्यातून कळत नाही.

पहिली अडचण मिश्रणाची. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. ई-२० साठी हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. आजच्या गाडीत सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर हे ओळखतो आणि इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. रोटॅक्स ९१२ वर दोन बिंग कार्ब्युरेटर असतात, त्यांत जेटचे भोक ठरलेले, आणि कॉकपिटमध्ये मिक्श्चरचा दांडाही नसतो. म्हणजे इंधन बदलले की मिश्रण लीन (हवा जास्त, इंधन कमी) होणार आणि वैमानिकाला त्यावर उपाय नाही. एक्झॉस्टचे तापमान वाढू लागते. यूएलएससाठी टेकऑफच्या वेळची मर्यादा ८८० अंश आहे. पूर्ण थ्रॉटलवर, मिनिटाला ५८०० फेऱ्यांवर, चढताना ज्यांच्या विमानात हा गेज बसवलेलाच नाही त्यांना काहीच दिसत नाही.

दुसरी अडचण पल्ल्याची. इथेनॉलच्या लिटरमागे उष्णता पेट्रोलच्या दोन-तृतीयांश. ई-२० मध्ये ही घट सुमारे साडेसहा-सात टक्के पडते. ६० लिटरची टाकी, ताशी १६ लिटर खप: पावणेचार तास. तेच ई-२० वर साडेतीन तासांच्या आत-बाहेर. दिवसाच्या उड्डाणासाठी अर्ध्या तासाचे राखीव इंधन धरतात. त्यातला निम्मा हिस्सा असा गुपचूप गेला. इंधनाचा काटा हे सांगत नाही, कारण तो लिटर मोजतो.

पाण्याबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण इथे वर्षानुवर्षांची सवयच फसवते. दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी टाकीच्या तळाच्या ड्रेन कॉकमधून पारदर्शक कपात थोडे इंधन काढून बघायचे, तळाला पाण्याचा थेंब दिसतो का ते पाहायचे, हा नियम प्रत्येक वैमानिकाच्या हातात बसलेला असतो. ॲवगॅस (विमानांसाठीचे खास पेट्रोल) किंवा शुद्ध पेट्रोलमध्ये पाणी वेगळे राहते, म्हणून हा नियम चालतो. इथेनॉल पाणी पोटात घेते. १० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल १५ अंश सेल्सिअसला साधारण अर्धा टक्का पाणी विरघळवून ठेवू शकते. ६० लिटरच्या टाकीत हे ३०० मिलिलिटर झाले. कप बघाल तर इंधन निर्मळ. मग विमान वर जाते, दर हजार फुटांना तापमान सुमारे दोन अंशांनी उतरते, पाणी धरून ठेवण्याची क्षमता कमी होते आणि इंधन फाटते. पाणी आणि इथेनॉलचा जड थर खाली बसतो, नेमका जिथून इंजिनाकडे नळी जाते तिथे. वर उरलेल्या पेट्रोलमधले इथेनॉल गेल्यामुळे त्याचे ऑक्टेनही घसरलेले असते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ई-२० मध्ये पाणी सामावण्याची क्षमता ई-१० पेक्षा जास्त असल्यामुळे ते फाटायला जास्त पाणी लागते. हा धोका जितका रंगवून सांगितला जातो तितका रोजचा नाही. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर अर्ध्या टाकीने उभी राहिलेली विमाने हे त्याचे खरे गिऱ्हाईक. आणि टू-स्ट्रोक इंजिने, म्हणजे पॅरामोटर किंवा रोटॅक्स ५८२. त्यांत पेट्रोलमध्येच तेल मिसळतात, ५० भागांना १ या प्रमाणात. असे इंधन फाटले तर तेल वरच्या पेट्रोलच्या थरात राहते आणि इंजिनात आधी जातो तो खालचा, जवळजवळ बिनतेलाचा थर. पिस्टन चिकटायला मग काही सेकंद पुरतात. तेल मिसळलेले इंधन पुढच्या आठवड्यासाठी कॅनमध्ये ठेवू नये, हे एवढ्यासाठी.

उन्हाळ्यात वेगळा त्रास. विदर्भ-खानदेशात मे महिन्याच्या दुपारी उतरून इंजिन बंद केले आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा चालू केले, की मधल्या वेळात काउलिंगखालची (इंजिनावरच्या आवरणाखालची) सगळी उष्णता पंपात आणि नळ्यांत शिरलेली असते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा बाष्पदाब ॲवगॅसपेक्षा जास्त, त्यामुळे नळीतच वाफ धरते. इंधनदाबाचा काटा थरथरत ०.१५ बारच्या खाली येतो, इंजिन गचके खाते. टाकीकडे परत जाणारी नळी बसवलेली असेल तर वाफेला वाट मिळते. नसेल तर ती बसवून घ्यावी, आणि एक्झॉस्टजवळून जाणाऱ्या नळ्यांवर अग्निरोधक स्लीव्ह चढवावी. उभ्या विमानाचे तेल तपासण्याचे झाकण उघडे ठेवले तरी बरीच उष्णता निघून जाते, फक्त ते बंद केल्याशिवाय इंजिन चालू करायचे नाही. टेकऑफआधी ४००० फेऱ्यांवर दोन्ही इग्निशन तपासतो, तेव्हाच मिनिटभर दाबाच्या काट्याकडेही बघावे. पावसाळी हवेत याच्या अगदी उलट: इथेनॉलला वाफ होताना पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, कार्ब्युरेटरचा घसा जास्त थंड पडतो आणि वीस-बावीस अंशांच्या दमट हवेतही आत बर्फ धरू शकतो. ज्यांच्या विमानाला कार्ब्युरेटर हीट नाही त्यांनी हे लक्षात ठेवावे.

राहिले साहित्य. रोटॅक्सच्या रबरी नळ्या, कार्ब्युरेटरचे रबरी फ्लँज, डायफ्रॅम आणि इंधन पंप दर पाच वर्षांनी बदलायचे असतात, विमान उडो वा न उडो. इथेनॉलचे प्रमाण वाढले की जुन्या नळीची आतली बाजू मऊ पडते. नळी काढून टोकात बोट फिरवा, काळे लागले तर ती गेली. फायबरग्लासच्या टाक्यांमध्ये सगळी रेझिने अल्कोहोलला टिकत नाहीत. घरी बांधलेल्या काही जुन्या विमानांच्या टाक्यांत गळती बंद करण्यासाठी आतून लेप ओतून फिरवलेला असतो, तो तर पापुद्र्यांनी सुटतो आणि थेट फिल्टरमध्ये येऊन बसतो.

चुकून ई-२० भरले गेलेच तर घाबरून जाण्याचे कारण नाही. टाकी आणि गॅस्कोलेटर (पाणी-कचरा अडवणारी इंधनाची गाळणी) रिकामे करावेत, योग्य इंधन भरून जमिनीवर इंजिन चालवावे, मग दोन्ही कार्ब्युरेटरच्या तळाची तारेची क्लिप बाजूला करून फ्लोट बाउल (तरंगता फ्लोट असलेली इंधनाची वाटी) काढावेत. तळाला रबराचे कण किंवा पांढुरकी चिकट भुकटी आहे का ते पाहावे. बाउल उघडलेच आहेत तर दोन्ही फ्लोट एकत्र वजन करून घ्यावेत: एका कार्ब्युरेटरची जोडी ७ ग्रॅमच्या वर जाता कामा नये. फ्लोट इंधन पिऊन जड झाला की खाली बसतो, बाउलमधली पातळी चढते, इंजिन आयडलला धडधडते आणि व्हेंटच्या नळीतून पेट्रोल ठिबकते. फ्लोट जड होण्याचे खापर नेहमी इथेनॉलवर फोडता येत नाही, शुद्ध पेट्रोलवरही ते झाले आहे. पण तपासायला दागिने मोजायचा छोटा काटा आणि दहा मिनिटे पुरतात.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती, हे हँगरबाहेर कोणालाही मोजता येते. १०० मिलिलिटरच्या खुणांचे काचेचे नळकांडे घ्या. १० च्या खुणेपर्यंत पाणी, त्यात शाईचा एक थेंब. १०० पर्यंत पेट्रोल. बूच लावून मिनिटभर हलवा, मध्ये एकदा बूच सैल करून वाफ जाऊ द्या, मग दहा मिनिटे स्थिर ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरते. खालचा रंगीत थर १० वरच राहिला तर इथेनॉल नाही. १९ च्या आसपास आला तर १० टक्के, २८ च्या आसपास आला तर २० टक्के. नमुना प्रत्येक वेळी कॅनमधून घ्यावा. पंपाच्या नावावर, ‘प्रीमियम’ या शब्दावर किंवा मागच्या महिन्याच्या अनुभवावर विसंबू नये, कारण टँकर बदलतो, आणि अनेक प्रकारचे पेट्रोल देणाऱ्या यंत्राच्या होजमध्ये आधीच्या गिऱ्हाइकाचे थोडे उरलेले असते. चाचणीचे पेट्रोल टाकीत परत ओतायचे नाही, हे सांगायला नकोच.

मग ॲवगॅसच का भरत नाही, असे कोणी विचारेल. ॲवगॅस १०० एलएल (‘लो लेड’, म्हणजे कमी शिशाचे) आता देशात बनते. इंडियन ऑइलने २०२२ च्या सप्टेंबरमध्ये ते बाजारात आणले, उत्पादन वडोदऱ्याच्या रिफायनरीत होते. त्यात इथेनॉल नसते, वर्षभर टिकते, पावसाळ्यात विमान उभे करण्याआधीची शेवटची टाकी त्याचीच असावी. पण त्यात शिसे असते, लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत. रोटॅक्समध्ये हे शिसे तेलात उतरते आणि गिअरबॉक्सच्या क्लचमध्ये करड्या लोण्यासारखे साचते. ॲवगॅस नियमित वापरायचे तर तेल आणि फिल्टर १०० ऐवजी ५० तासांना, जमल्यास २५ तासांना बदलावे लागतात, स्पार्क प्लग निम्म्या आयुष्यात जातात आणि गिअरबॉक्सची तपासणी लवकर येते. पूर्ण सिंथेटिक तेलही चालत नाही, कारण ते शिसे तरंगत ठेवत नाही, सेमी-सिंथेटिक लागते. काहीजण ई-२० आणि ॲवगॅस निम्मे निम्मे मिसळून ‘झाले दहा टक्के’ म्हणतात. कागदावर हिशेब बरोबर आहे. पण विमानाच्या पुस्तकात इंजिन उत्पादकाच्या मर्यादेखेरीज विमान उत्पादकाचीही मर्यादा असते, ती पुष्कळदा आणखी खालची, आणि विम्याचा सर्व्हेयर ते पुस्तकच उघडणार.

हे पत्र इथेनॉलच्या विरोधात नाही. ज्या बारामतीत धावपट्टी आहे त्याच तालुक्यात साखर कारखाने आहेत, आणि इथेनॉलमुळे उसाच्या पैशाला मिळालेला आधार खरा आहे. ब्राझीलमध्ये इपानेमा हे फवारणीचे विमान २००४ पासून निव्वळ इथेनॉलवर उडते, कारण त्याचे इंजिन आणि इंधनव्यवस्था त्यासाठीच जुळवून प्रमाणित केलेली आहे. आमची इंजिने तशी नाहीत, आणि त्यांचे आयुष्य २००० तास किंवा १५ वर्षे मोजले जाते. ती उद्या भंगारात निघणार नाहीत.

म्हणून मागणी मर्यादित आहे. प्रत्येक नोझलवर इथेनॉलची टक्केवारी ठळक आकड्यात असावी. ब्रिटनने २०२१ मध्ये साधे पेट्रोल ई-१० केले तेव्हा सुपर दर्जाचे पेट्रोल ई-५ वर राखले आणि दोन्ही पंपांवर तशा चिकटपट्ट्या लावल्या. तसा एक राखीव दर्जा इथेही ठेवता येईल, किमान जिथे धावपट्टी आहे त्या गावातल्या एखाद्या पंपावर. ते जास्त महाग असले तरी तक्रार नाही. आणि ॲवगॅस २०० लिटरच्या बॅरलखेरीज २० लिटरच्या सीलबंद धातूच्या डब्यातही मिळावे. पेट्रोलियम कायद्याने विनापरवाना ३० लिटरपर्यंतच पेट्रोल जवळ ठेवता येते. ज्याला महिन्याला चार तास उडायचे आहे त्याला बॅरल घेऊन ठेवायला जागाही नाही आणि परवानाही नाही.

आपला,
हलक्या विमानांच्या देखभालीतला एक वाचक, पुणे