मुलांजवळच्या माणसांची पोलीस पडताळणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लैंगिक गुन्ह्यांतील दोषींना शाळेपासून ठरावीक अंतराच्या आत राहू देऊ नये, असा अमेरिकेतल्यासारखा कायदा आपल्याकडेही हवा, असे बदलापूरच्या शाळेतील लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर (ऑगस्ट २०२४) माझ्या ऐकण्यात अनेकदा आले. त्यामागचा संताप माझाही आहे. परंतु फ्लोरिडातील मायामी-डेड काउंटीने २००५ मध्ये २,५०० फुटांची अशी अट घातली, तेव्हा राहण्याजोगी जागाच न उरल्याने कित्येक दोषी एका पुलाखाली तंबू ठोकून राहू लागले. ज्याला पत्ताच नाही, त्याच्यावर पोलिसांनी नजर ठेवायची कशी?

आमच्या दापोली तालुक्यातील वाडीत शाळा, अंगणवाडी, देऊळ आणि एसटीचा थांबा हाकेच्या अंतरावर आहेत. तेवढे वर्तुळ काढले तर अख्खी वाडी त्यात येईल. शिवाय पोक्सोच्या (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) बहुतांश प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचाच असतो.

कामाच्या जागेचा नियम मात्र आपल्याकडे आहेच. मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थांनी कायम व कंत्राटी अशा प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करून घ्यावी, असे पोक्सो नियम, २०२० सांगतात. नातवाच्या शाळेत मी व्हॅनचालकाचा दाखला मागितला, तेव्हा फाइलमध्ये आधार कार्डाची झेरॉक्स, परवान्याची झेरॉक्स आणि पडताळणीचा कोरा अर्ज निघाला. अर्जावर फोटो तेवढा चिकटवलेला होता. व्हॅन पालकांनी ठरवली आहे, शाळेची नाही, असे उत्तर मिळाले. नातू सर्वांत शेवटी उतरतो. घाटीतले शेवटचे तीन किलोमीटर गाडीत तो आणि चालक दोघेच असतात. चालक सज्जन आहे, असे मला वाटते. पण माझ्या वाटण्याला दाखला म्हणता येत नाही.

लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही २० सप्टेंबर २०१८ पासून आहे आणि ती फक्त पोलीस व तपास यंत्रणांनाच पाहता येते. हे मला योग्य वाटते, कारण लहान गावात दोषीचे नाव फुटले की पीडित मुलीचे घरही सर्वांना कळते. पण म्हणूनच पडताळणीचा अर्ज पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचलाच पाहिजे.

जिल्हा पोलिसांनी दरवर्षी जूनपूर्वी शाळा, व्हॅन व रिक्षाचालक, खासगी शिकवण्या आणि पोहण्याची शिबिरे यांच्यासाठी पडताळणीची मोहीम घ्यावी. आणि दाखला हाती येईपर्यंत कोणालाही मुलांसोबत एकटे ठेवायचे नाही, एवढे शाळांनी व आम्ही पालकांनी याच वर्षी ठरवावे.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
ता. दापोली, जि. रत्नागिरी