बाबा, ते झाकण एकदा उघडून बघा

सिएटल, शनिवार रात्र

प्रिय आई-बाबा,

सा. न. मेतकूट पोचलं, पिशवी आतल्या आत फुटली होती त्यामुळे सोबतच्या स्वेटरलाही आता मेतकुटाचा वास येतोय, पण चालेल.

हे सगळं फोनवरच सांगणार होते पण बाबा, तुम्ही दोन मिनिटांत "पैसे आहेत ना, बरं मग आईशी बोल" म्हणून फोन देऊन टाकता, म्हणून लिहूनच पाठवतेय.

गेल्या आठवड्यात कॉलेजने आम्हाला बुलिट सेंटर बघायला नेलं. सहा मजली ऑफिस बिल्डिंग आहे, 22 एप्रिल 2013 ला उघडली, म्हणजे मुद्दाम वसुंधरा दिनाचा मुहूर्त धरून. गच्चीवर 575 सोलर पॅनल, ते गच्चीत मावत नाहीत म्हणून चारी बाजूंनी भिंतीबाहेर आलेत, लांबून बघितलं तर लहान पोराने आजोबांची टोपी घातल्यासारखं दिसतं. मला वाटलं इथे सदा ढग, वीज कुठून बनणार? तर हिवाळ्यात ते ग्रीडमधून वीज घेतात आणि उन्हाळ्यात परत देतात, वर्षाचा हिशोब जुळला की झालं. आपल्याकडच्या नेट मीटरिंगसारखंच.

आत शिरल्या शिरल्या समोर जिना. लाकडी पायऱ्या, बाजूला काचाच काचा, अख्खं शहर दिसतं, आणि लिफ्ट कुठेतरी मागे दडवलेली. म्हणजे चढा असं कुणी सांगत नाही, आपण आपोआप चढतोच. आई, तुझे गुडघे आठवले मला, तू तिसऱ्या मजल्यावर "मी इथेच बसते" म्हणाली असतीस. आणि कारला पार्किंग एकही नाही! फक्त सायकलींना जागा. आपल्या सोसायटीत हे नुसतं बोलून दाखवलं तरी पुढची दोन वर्षं कोणी आपल्याशी बोलणार नाही.

चौथ्या मजल्यावर माहिती ऐकत उभे होतो तर एकदम घुर्रर्र आवाज आला आणि समोरची खिडकी आपोआप बाहेर सरकली. आपल्या खिडकीसारखी एका बाजूने नाही उघडत, अख्खी काच चौकटीसकट सरळ पुढे जाते आणि चारी बाजूंनी फट पडते. उन्हाळ्यात रात्री अशाच उघडून दिवसभराची गरमी बाहेर काढतात. संडासची पण गंमत आहे, सुरुवातीला तिथे पाण्याऐवजी फेस सोडणारे संडास होते आणि तळघरात त्याचं खत व्हायचं, नंतर ते काढून दुसरे बसवले. आई, तू जेवताना वाचत असशील तर सॉरी.

आता बाबा, तुमच्यासाठी. तळघरात पावसाच्या पाण्याची टाकी आहे, 2 लाख लिटरच्या वर. म्हणजे आपले दहा हजारवाले वीसेक टँकर. आणि सिएटलचा पाऊस एवढा बदनाम, पण वर्षाला पडतो साधारण 950 मिलिमीटर, आपल्या ठाण्यात 2500 च्या आसपास! तुम्ही म्हणाल अगं आपला चार महिन्यांत पडतो, साठवायचा कुठे? बरोबर आहे, इथे तो हळूहळू आठ-नऊ महिने पडतो म्हणून टाकी पुरते, आपल्याला टाकीचा नाद करून उपयोग नाही. आपल्याला तो जमिनीत मुरवायचा, बोअरवेलसाठी.

पण मला सगळ्यात जास्त काय लागलं सांगू, या बिल्डिंगला जे 'लिव्हिंग बिल्डिंग' सर्टिफिकेट आहे, म्हणजे स्वतःची वीज-पाणी स्वतः भागवणाऱ्या इमारतीचं, ते बांधून झालं की लगेच देत नाहीत. लोक वापरायला लागल्यावर सलग 12 महिने विजेचे, पाण्याचे आकडे बघतात, खरंच जमलं तर देतात, यांना 2015 ला मिळालं. आणि आपल्याकडे? ओसीसाठी, म्हणजे राहायला जायच्या परवानगीसाठी, बिल्डरने रेन वॉटर हार्वेस्टिंगचा खड्डा केला, कागदावर आला, विषय संपला. मागच्या गेटजवळ वॉचमन काका सायकल लावतात ना, त्याच्याच खाली आहे तो. गच्चीचा पाईप तिथपर्यंत येतच नाही बाबा, जमिनीच्या दोन फूट वर संपतो. मला पक्कं माहितीये कारण लहानपणी मी त्याच पाण्यात होड्या सोडायचे आणि सगळ्या सरळ गटारात जायच्या. आणि मे महिन्यात आपण घोडबंदर रोडवर टँकरची वाट बघतो.

सेक्रेटरी तुम्हीच आहात म्हणून सांगतेय. रविवारच्या मीटिंगच्या आधी त्या खड्ड्याचं झाकण काढून बघा, आत खडी-रेती आहे का नुसता गाळ. पाईपला एक बेंड आणि पाच-सहा फूट तुकडा लागेल बहुतेक, प्लंबरला विचारा. सोलरचा विषय आत्ता काढू नका, पापडवाल्या काकू गच्ची सोडणार नाहीत.

फोटो पाठवा. आणि झाकण तुम्ही उचलायचं नाही, कंबर आठवा, वॉचमन काकांना सांगा.

तुमची,
मनू